नातेवाईकांनी दाराबाहेर बसावे

१२ सप्टेंबर

आज परवानगी आली! अर्धांगवायूच्या मोजपट्टीची चिनी आवृत्ती शन्यांगच्या आमच्या पुनर्वसन विभागाने करायची आणि साऱ्या देशात तीच अधिकृत धरायची, असं मूळ मोजपट्टीवाल्यांनी कळवलं. पेइचिंगवाल्यांनीही मागितली होती म्हणे. मिळाली आम्हाला. मी ही बातमी विभागात सांगितली, फिजिओच्या खोलीत सांगितली, आणि जेवणाच्या खोलीत ज्यांना तिच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं त्यांनाही सांगितली.

झटका येऊन गेलेला माणूस रोजचं जगणं स्वतःचं स्वतः कितपत निभावतो, हे पंधरा प्रश्नांत मोजायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आजवर आमच्याकडे कुणीतरी कधीतरी केलेल्या भाषांतराच्या झेरॉक्स फिरायच्या. तिसऱ्या मजल्यावर ज्याला बावीस गुण, त्यालाच पाचव्या मजल्यावर तीस. या गोंधळावर मी चार वर्षं ओरडतेय.

दुपारी लगेच कामाला बसलो. विभागप्रमुख शांग सर, थेरपिस्ट लुआन आणि मी. लुआन दालियनचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हाताने हुशार आणि तोंडाने आगाऊ. पहिलाच प्रश्न, हिरवळ कापायचं यंत्र फिरवता येतं का. शांग सर म्हणाले, "आपल्या अख्ख्या इमारतीत एक कुंडी आहे, तीही प्लास्टिकची." तिथे फरशी पुसणं टाकलं. मग आला टोस्टला लोणी लावायचा प्रश्न. दोन्ही हात एकमेकांना साथ देतात का, हे त्यात बघायचं असतं.

"ज्याओझ लिहा," शांग सर म्हणाले. "पारी हातात घ्यायची, सारण भरायचं, चिमटे काढून मिटायची. दोन्ही हात लागतात."

"सर, तुम्ही शेवटचा ज्याओझ कधी वळलात?"

"लग्नाआधी. सासूबाईंना दाखवायला."

"मग तुम्हाला शून्य गुण."

लुआन इतका हसला की त्याचा चहा सांडला. शेवटी माझंच चाललं. उकडलेलं अंडं सोलणं. श्रीमंत, गरीब, बाई, पुरुष, अंडं सगळेच सोलतात. इतका साधा आणि इतका चपखल प्रश्न पेइचिंगवाल्यांना सुचला नसता, हे मी इथे लिहून ठेवते.

घरी बाबांना सांगितलं. एप्रिलमध्ये त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. "साऱ्या देशात?" त्यांनी विचारलं. "साऱ्या देशात," मी म्हटलं. तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मीच भरून पावले. मग त्यांना अंडं सोलून दिलं, चार फोडी करून. त्यांनी अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाल्लं.

२० सप्टेंबर

उलट भाषांतर आलं. आम्ही चिनीत केलेलं भाषांतर मूळ कागद कधीही न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं आणि मुळाशी ताडायचं, अशी रीत आहे. दोन प्रश्न सोडले तर सगळं जागच्या जागी बसलं. शांग सर म्हणाले, "यारू, तुझ्या हाताला यश आहे." मी आपलं "छे हो" म्हटलं. मनात मात्र म्हटलं, आहेच.

घरी बाबांनी पुन्हा थ्येशीचा विषय काढला. शहराच्या त्या भागातल्या जुन्या कामगार वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. लिफ्ट नाही. आई गेल्यापासून सहा वर्षं तिथे एकटेच राहायचे.

"मला घरी जायचंय."

"हे काय आहे मग?"

"हे तुझं घर आहे."

"आणि तिथे तुम्हाला भरवणार कोण? बटणं कोण लावणार? जिने कोण चढवणार?"

"बघू ना."

"बघू काय बघू? मी डॉक्टर आहे, मला दिसतंय."

बाबा टीव्हीकडे वळले. आवाज वाढवून द्यावा म्हणून मी रिमोट शोधायला लागले, तोवर त्यांनीच वाढवला होता.

२७ सप्टेंबर

घोडं पेंड खातंय. थोड्या रुग्णांवर आधी चाचणी घेतोय आणि सगळ्यांचे गुण जमिनीला टेकलेत. मूळ मोजपट्टीत असं आहे की नातेवाइकाला विचारायचं, हे स्वतः काय काय करतात? तिकडच्या देशात ते चालतं. आमच्याकडे नातेवाईक कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देतात, काहीच नाही करत.

आज ग्वान आजोबा आले होते. झटक्याला पाच महिने झालेत. सोबत सून.

"स्वतः जेवतात का?"

"अहो डॉक्टर, आम्ही आहोत ना! त्यांना चमचा उचलायची वेळ आली तर आम्ही मेलोय का?"

"बटणं?"

"माझा नवरा लावतो. सकाळी कामाला जायच्या आधी, रोज, न चुकता."

बाई हे असं सांगत होती की जणू मी तिला पदकच देणार आहे. पंधरा प्रश्नांचे मिळून आठ गुण झाले. सून औषधाच्या रांगेत गेली आणि लुआनने मला कोपराने ढोसलं. "तोंगताई, जरा बाहेर बघा. आवाज करू नका."

बाकावर ग्वान आजोबा सूर्यफुलाच्या बिया खात बसले होते. डाव्या हातात पुडी, आजारी उजव्या हाताने एकेक बी उचलून दाताखाली धरत होते आणि टरफल परत पुडीत टाकत होते. आमच्याकडे लक्ष जाताच हात मांडीवर पडला, मेल्यासारखा.

"आजोबा, हा हात चालतो की!"

"हळू बोला," ते म्हणाले. "सुनेला सांगू नका. बिचारीला वाईट वाटेल."

मी परत येऊन खुर्चीत बसले आणि मला सगळं लख्ख दिसलं. "आमचे बाबा स्वतः जेवतात" असं कुठल्या सुनेने म्हणायचं? म्हटलं की शेजारीपाजारी म्हणणार, पोरांनी म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं. म्हातारेही हात लपवतात, पोरांची मान खाली जाऊ नये म्हणून. दोन्हीकडून प्रेम, आणि मोजपट्टीत आठ गुण.

२८ सप्टेंबर

नियम लिहिला. मला स्वतःला तो फार आवडलाय, म्हणून इथे उतरवते. नातेवाईकांनी दाराबाहेर बसावे. वस्तू रुग्णाच्या हातात द्यावी. त्यानंतर तपासणाऱ्याने गप्प राहावे व मदत करू नये, रुग्णाची धडपड बघवत नसली तरी.

नातेवाइकांना विचारायचंच, ते सोडायचं नाही. पण त्यांचे गुण वेगळे, डोळ्यांनी बघितलेले वेगळे, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडायचे.

शांग सर म्हणाले, "अगं, नातेवाईक गोंधळ घालतील."

"घालू दे. दाराबाहेर घालतील."

दुपारी मूळ मोजपट्टीवाल्यांना कळवलं, रात्री त्यांचं उत्तर आलं, बदल मान्य. त्यांनी लिहिलंय की हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तो मजकूर बाओलिनला दोनदा ऐकवला. बाओलिन म्हणजे माझा नवरा. शाळेत भूगोल शिकवतो, दुपारीच घरी येतो, म्हणून दिवसा बाबांजवळ तोच असतो. "फारच छान," तो म्हणाला आणि बाबांकडे बघून उगाच खोकला.

६ ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टी. आठवडाभर घरीच. बाबांचं सगळं मनासारखं केलं. सकाळी स्वेटर, मोजे, दाढी. दुपारी माशातले काटे काढून बारीक तुकडे. त्यांच्या केसांनाही कात्री लावली. बाबा गप्पच होते. सुट्टी संपत आली तसे जरा खुलले.

एक नवल. फ्रीजमध्ये लसणाची बरणी भरून ठेवलीय, एकूण एक पाकळी सोललेली, एकीवरही नख लागलेलं नाही. बाओलिनला विचारलं तर म्हणे, मीच सोलला. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने कांदाही अख्खाच पातेल्यात टाकला आहे. माणूस पन्नाशीत सुधारतो तो असा. मी कौतुक केलं तर बाबांना ठसका लागला आणि दोघं कितीतरी वेळ हसत बसले. मला त्यात विनोद काय ते कळलं नाही.

१७ ऑक्टोबर

पडताळणीचं घोडं आता सुसाट धावतंय. दोघं तपासणारे एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे गुण देतात आणि ते जुळतात. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तरी जुळतात. जुळत नाहीत ते फक्त नातेवाइकांचे. बघितलेले गुण तीस, तर नातेवाइकांचे पंधरा. हे असं जवळजवळ प्रत्येक घरात.

ग्वान आजोबांना बघून सदतीस गुण मिळाले. सदतीस! सून रडायलाच लागली. "मग इतके दिवस मी काय केलं?" मी तिला बाकावर बसवलं आणि तिथल्या सगळ्याच नातेवाइकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुम्ही फार केलंत, हेच तर चुकतंय. त्यांचा हात तुम्ही स्वतःचा समजून वापरताय. तो त्यांना परत द्या." कॉरिडॉरमधल्या एका गृहस्थांनी तर वहीत लिहून घेतलं. लुआन नंतर म्हणाला, "ताई, काय बोललात! हे एकदा घरी पण बोला."

म्हणजे बाओलिनला, असं तो म्हणत असावा. बाओलिन बाबांचं फारसं काही करत नाही हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

घरी यायला उशीर झाला. बाबांच्या नूडल्स कापून, मऊ करून भरवल्या. दमले होते, पण भरवताना माझा सगळा शीण उतरतो. दिवसातलं तेवढं एक काम असं आहे की त्यात मी चुकत नाही.

२ नोव्हेंबर

काल हीटर सुरू झाले, घर उबदार आहे, पण माझं डोकं त्याहून गरम आहे. खालच्या मजल्यावरच्या च्यांगबाई म्हणाल्या, "तुमच्या बाबांची कमाल आहे हो! रोज दुपारी जावयाबरोबर जिना चढतात. काल तर जावईच मागे राहिले."

घरी येऊन दोघांनाही धारेवर धरलं.

"लिफ्ट बंद होती," बाओलिन म्हणाला.

"रोज?"

"बऱ्याचदा."

"पडले असते म्हणजे? उजवा पाय जरा वळला असता म्हणजे?"

बाबा म्हणाले, "नाही वळला."

"तुम्ही नका बोलू!"

"मग कोण बोलणार? पाय कुणाचा आहे?" आवाज चढवत नाहीत कधी, आज चढवला. "मला थ्येशीला सोड, यारू. माझं घर बंद पडलंय. मी काय इथे पाहुणा म्हणून मरायचं?"

मला फार लागलं ते. इतकं करून पाहुणा! मी रडले, बाओलिनने ऊन पाणी आणून दिलं, बाबा आपल्या खोलीत गेले. त्यांना उठताना मी हात दिला नाही, रागावले होते. गेले आपले आपण.

याच आठवड्यात आम्ही रेषा ठरवली. घरी एकटे राहून ज्यांचं बरं चाललंय अशा रुग्णांचे गुण आणि ज्यांचं चालत नाही अशांचे गुण ताडून बघितले, तर मधली रेषा छत्तीसवर येते. छत्तीस किंवा वर असेल तर माणूस एकटा राहू शकतो. ही रेषा मी सुचवली आणि शांग सरांनी शब्दही न बदलता मान्य केली.

१० नोव्हेंबर

झटक्याला सहा महिने उलटलेले थोडे रुग्ण कमी पडतायत. लुआन म्हणाला, "तुमचे बाबा आहेत की."

आधी मी नाही म्हटलं. मग विचार केला, काय हरकत आहे? मी तपासणार नाही. लुआन आणि शांग सर तपासतील, दोघं वेगवेगळे. मी नातेवाईक म्हणून उत्तरं देईन. आणि खरं सांगायचं तर एकदा आकडा कागदावर आला की बाबांची थ्येशीची भुणभुण थांबेल. माझं नाही तर माझ्या मोजपट्टीचं तरी ऐकतील.

बाबांना विचारलं. ते इतक्या झटकन हो म्हणाले की मला त्यांची दया आली.

१४ नोव्हेंबर

आधी माझी मुलाखत. आमच्या प्रशिक्षित परिचारिकेने घेतली.

"स्वतः जेवतात का?"

"नाही, मी भरवते."

"अंडं सोलतात का?"

"मी सोलून देते. चार फोडी करून."

"बटणं?"

"मीच. रोज सकाळी."

ती लिहीत होती आणि मी ताठ बसून सांगत होते. एकाही प्रश्नाला अडखळले नाही. मग लुआन दारात आला आणि बाबांना पूर्ण नावाने हाक मारली. "तोंग ग्वांगफा, आत या. नातेवाईकांनी बाहेर बसावे."

"अरे, मी आहे," मी म्हटलं.

"नातेवाईक आहात ना?" त्याने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. माझंच अक्षर.

बसले बाकावर. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्यासाठी थांबली होती. "तुमचं कोण? वडील? स्वतःचं काही करतात का?"

"काहीच नाही. सगळं मी करते."

"नशीबवान आहेत हो," ती म्हणाली आणि मला बरं वाटलं.

आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मी उठून दार ढकललं. "बाहेर!" लुआन आणि शांग सर एकदमच ओरडले. दाराच्या फटीतून मला तेवढी बाबांची पाठ दिसली. वाकले होते, जमिनीवरचं काहीतरी उचलत होते. मी दार ओढून घेतलं. शेजारची बाई म्हणाली, "बघवत नाही ना?" मी म्हटलं, "नाही."

माझ्या उत्तरांचे गुण नऊ. शांग सरांचे चाळीस. लुआनचे एकेचाळीस.

मी लुआनला म्हटलं, "तुझा हात सैल आहे. तू आधीपासून त्यांच्या बाजूचा."

"आणि सर?"

सर चष्मा पुसत होते. "यारू, अंडं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सोललं."

१५ नोव्हेंबर

सकाळी मी सांगून टाकलं की ही नोंद वगळायची. तपासणाऱ्यांच्या ओळखीचा माणूस, निष्कर्ष पक्षपाती होतो, सरळ कारण आहे. शांग सर म्हणाले, "निर्णय तुझा. दोघांचे गुण जुळलेत, वगळायला मला तरी कारण दिसत नाही."

लुआनने दार लावून घेतलं. आज तो हसत नव्हता.

"वगळा, ताई. पण मग ग्वान आजोबांच्या सुनेला फोन करा. सांगा, तुझंच बरोबर होतं, त्यांना भरवत राहा. त्या कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना फोन करा."

"तोंड सांभाळून बोल."

"सांभाळूनच बोलतोय. दीड महिना सांभाळलं. भावजींनी मला ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं लसणाचं."

नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय ते कळलं. सगळ्या जगाला माहीत होतं, मी सोडून. घरी टॅक्सीने आले. बाबा खिडकीशी बसले होते, अंगात स्वेटर, बटणं लावलेली. सकाळी रागाच्या भरात मी ती न लावताच गेले होते.

मी समोर बसले. सुरुवात बाबांनीच केली.

"तुझी पट्टी चुकलीय का?"

"नाही."

"सगळं नीट तपासलंय?"

"तिला कुणी हात लावू शकणार नाही, इतकं."

"मग साऱ्या देशात बरोबर आणि आपल्याच घरात चूक, असं कसं?"

"तुम्हाला सगळं येत होतं, तर भरवून का घेत होतात? एकदा हातातून चमचा काढून घ्यायचा होता माझ्या!"

बाबा म्हणाले, "तू दमून यायचीस. चेहरा उतरलेला असायचा. चार घास भरवलेस की परत खुलायचा. मला वाटलं, एवढंच आता माझ्या हातून तुझ्यासाठी होतंय."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. वजनदार होता. सहा महिने मी त्या हाताला काही करूच दिलं नव्हतं. तो किती भरलाय, कुठपर्यंत उचलतो, मला डॉक्टर असून माहीत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

नोंद घातली. नातेवाईक नऊ, बघितलेले चाळीस आणि एकेचाळीस. आमच्या साऱ्या अभ्यासातली सर्वांत मोठी दरी आमच्या घरातली आहे. शांग सरांनी पडद्यावर ते ठिपके दाखवले, तर एक ठिपका सगळ्यांपासून लांब, एकटाच. "हा कोण?" नव्या डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "माझे वडील. आणि नातेवाइकाचा आकडा मी दिलाय." मग लुआनने टाळ्या वाजवल्या, गाढवाने, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

मी चुकले असं मी अजून कुणाला म्हटलेलं नाही. आकडा म्हणतोय, तेवढं पुरे.

२४ नोव्हेंबर

बाबांना थ्येशीला सोडलं. बाओलिनने बॅग घेतली, मी औषधं. बाबांनी कठडा धरला. डावा पाय वर, मग उजवा, प्रत्येक वळणावर थोडं थांबून. मी मागे होते आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून मुठी आवळल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर शेजारचे एक जुने दोस्त दार उघडून उभे.

"अरे ग्वांगफा! मला वाटलं तू गेलास!"

"गेलो होतो. लेकीकडे," बाबा म्हणाले. "पत्ते आहेत का अजून, की विकून खाल्लेस?"

घर थंड होतं, धूळ बसलेली. मी फडकं उचललं तर बाबांनी हातातून काढून घेतलं. औषधांच्या वेळा भिंतीवर लावू दिल्या. गॅस तपासू दिला. मी दुसऱ्यांदा तपासायला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "यारू, आता जा. तुम्ही असलात की मला बसून राहायची सवय लागते."

दार लावून घेतलं त्यांनी. आतून कडी लावल्याचा आवाज आला, पहिल्यांदा हुकली, मग बसली. जिन्यात बाओलिन म्हणाला, "रडतेस की काय?" मी म्हटलं, "थंडी आहे."

३ डिसेंबर

निकाल आला. चिनी आवृत्ती मान्य! मूळ मोजपट्टीवाल्यांनी आमचा नियम आता त्यांच्या स्वतःच्या पुस्तिकेतही घ्यायचं ठरवलंय. म्हणजे उद्या त्यांच्याकडचे नातेवाईकही दाराबाहेर बसणार! शांग सरांनी सगळ्या विभागाला जेवायला नेलं. ग्लास वर करून म्हणाले, "आपल्या तोंग यारूला!" मी उठून म्हटलं, "आपल्या लुआनलाही." त्याचे कान लाल झाले. हे बघायला मिळालं, तेवढ्यासाठीही सगळं करायला हवं होतं.

आमचं नाव छापून येईल. शन्यांग. मी ते पुन्हा पुन्हा वाचते आणि मला लाज वाटत नाही. ज्याला आयुष्यात एक काम नीट करायला मिळालं, त्याने थोडं मिरवावं.

घरी तांदूळ अजून तिघांचा पडतो.

८ डिसेंबर

रविवार. बाबांकडे गेले. नुसता गॅस बघायला, असं बाओलिनला सांगितलं होतं. दार उघडायला त्यांना वेळ लागला. मी किल्ली बाहेर काढली होती, परत पर्समध्ये टाकली.

"जेवून जा," म्हणाले. "नूडल्स करतो."

"मी करते ना."

"बस म्हटलं ना. पाहुणी आहेस."

बसले. बाबांनी पातेलं दोन्ही हातांनी उचलून नळाखाली धरलं, अर्धं भरलं, ओट्यावर ठेवलं, परत गेले, वाडग्याने उरलेलं पाणी आणून ओतलं. कांद्याची पात कापली. एक तुकडा बोटभर, एक कागदासारखा. मीठ टाकलं, मग टाकलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा टाकलं. रक्तदाबाच्या माणसाने एवढं मीठ! माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. अंडं फोडताना टरफल आत पडलं, ते काढायला चमचा घेऊन त्याच्या पाठीमागे फिरत बसले, चारदा निसटलं, पाचव्यांदा काढलं. तो हात मी बघत होते. खांदा जरा वर येतो, मनगट कललेलं, पण अंगठा आणि तर्जनी पकड सोडत नाहीत. मी शेकडो रुग्णांना गुण दिलेत. एकाही हाताकडे इतका वेळ, इतक्या अभिमानाने बघितलं नव्हतं.

वाडगा माझ्यासमोर आला तेव्हा नूडल्स फुगल्या होत्या आणि कोमट झाल्या होत्या. बाबा समोर बसून बघत राहिले. मी सगळ्या खाल्ल्या. खारट रस्साही प्यायले. मग वाडगा पुढे केला आणि म्हटलं, "अजून आहेत का?"

बाबा उठले. मी जागेवर बसून राहिले आणि दुसरा वाडगाही त्यांनीच आणला.